दुःख कुणाच्या नावावर

स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून, काखेत छत्री धरून, "घरात कोण हाय का?" अशी हाक मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हाक एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या हाकेला आतून काकू भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायच्या, "हाय. या आत." मग काका चपला काढून आत येत. बाजारात जाऊन आले तरी हेच, आणि अंगणातल्या नळावर पाय धुऊन आले तरी हेच. एकदा मी काकूंना विचारलं, "तुम्ही पहिल्याच हाकेला ओ का देत नाही?" त्या म्हणाल्या, "दिल्ती एकदा. मंग बाकीच्या दोन हाका त्यांच्या घशात अडकल्या. जेवन गेलं न्हाई बिचाऱ्याला."

काका अंबडच्या कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचे समन्स, नोटिसा घेऊन गावोगाव हिंडायचं, माणूस शोधायचा, कागद त्याच्या हातात द्यायचा आणि सही नाहीतर अंगठा घ्यायचा, हे त्यांचं काम. ते त्याला 'तामील करणं' म्हणत, कारण शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. मी बारावीसाठी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. कोर्टात त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता, पण त्यांच्या तोंडातलं कोर्ट काही उठलं नव्हतं. न्हाणीच्या दारावर त्यांनी सुंदर अक्षरात नोटीस डकवली होती, की बादली पालथी न ठेवल्यास सर्व संबंधितांविरुद्ध एकतर्फी निकाल देण्यात येईल. सर्व संबंधित म्हणजे मी आणि काकू. घरातल्या मांजरीचं नाव 'मुद्दई', म्हणजे फिर्यादी, कारण ती कधीही आली तरी तक्रार घेऊनच येत असे.

मला तिथं सोडायला आई आली होती. आमचं गाव घनसावंगीकडचं, तिथून रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, "खोली तर दाखवा." काका दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही बघा. मला आत येता येनार न्हाई. पोरीची वळकटी आत गेली तवाच कब्जा तिचा झाला." आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पण मी राहिले तेवढ्या काळात त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. बल्ब गेला तर ते उंबऱ्यावरून हुकूम सोडायचे, मी स्टुलावर चढायची आणि काकू स्टूल धरायच्या. जाताना आई माझ्या कानात म्हणाली, "मानूस येडा हाय, पर घर चांगलं हाय. ऱ्हा हितं."

बारावीचा निकाल लागला. गावात पेढे वाटण्याइतके मार्क होते, सरकारी मेडिकलला मात्र थोडक्यात कमी पडत होते. मी खोलीत तोंड पाडून बसले असताना आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी एक फॉर्म आणून दिला. दूरच्या एका जिल्ह्यात एका ट्रस्टचं मेडिकल कॉलेज होतं, आणि ते खेड्यातल्या काही मुलांना वेगळ्या पद्धतीनं घ्यायचं. मार्क बघायचे, शिवाय एक पानभर मजकूर लिहून मागायचे, आणि तो पटला तरच मुलाखतीला बोलवायचे. पानाचा विषय छापलेलाच होता, की तुमच्या आयुष्यातली एखादी वैयक्तिक अडचण आणि तिला तुम्ही कसं तोंड दिलं ते लिहा. वडिलांनी सांगून टाकलं, "एवढं एक बघू. न्हाई जमलं तर डी.एड.ला नाव घालायचं आन मंग पुढचं." पुढचं म्हणजे काय, हे आमच्याकडे मुलीला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा माझं सगळं आता त्या एका पानावर येऊन ठेपलं होतं.

आणि मला अडचणच सापडेना. म्हणजे अडचणी ढीगभर होत्या, पण कागदावर ठेवली की प्रत्येक एवढीशी दिसायची. गल्लीला बातमी लागायला वेळ लागत नाही. पिठाच्या गिरणीवाला दळण मोजता मोजता म्हणाला, "सोपं हाय की. लिही, बाप दारू पितो." मी म्हणाले, माझे वडील पानसुद्धा खात नाहीत. "आरारा," तो म्हणाला, आणि खरोखर हळहळला. "मंग काय लिहिशील गं तू?"

शेवटी काकांनी प्रकरण स्वतःकडे घेतलं. जिंदगीभर लोकांच्या दारात उभं राहून त्यांनी अडचणीच ऐकल्या होत्या. समन्स हातात पडला की माणूस आधी आपली कहाणी सांगतो, मग अंगठा देतो. त्यामुळे या विषयात आपल्याइतका जाणकार अंबड तालुक्यात नाही, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी चहा झाला की ओट्यावर सुनावणी सुरू व्हायची. काका खुर्चीवर, मी पायरीवर, मुद्दई छत्रीजवळ.

पहिल्या दिवशी मी शाळेची वाट मांडली. गावातून शाळेला चालत जावं लागायचं, मधे नाला, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी.

"एकटीच जायाचीस?"

"नाही, गावातल्या सगळ्याच पोरी."

"मंग ती अडचण गावाची हाय. तुझ्या एकटीच्या नावावर कशी चढवतीस? खारीज."

दुसऱ्या दिवशी मी कंदील काढला. घरात वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. काकांनी विचारलं, "त्रास व्हायचा का?" मी प्रामाणिकपणे म्हणाले, सवय झाली होती. "जिची सवय पडती ती अडचण न्हाई. अडचण म्हंजे रोज नव्यानं टोचती ती. खारीज." मग मी दुष्काळ काढला. ते हसायलाच लागले. "दुष्काळ सरकारी असतो. त्याचे पंचनामे हुतात. तू त्यात फक्त गवाह."

माझा स्वभाव तापट. मी म्हणाले, "काका, तुम्ही मला पास करायला बसलाय का नापास करायला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी फक्त मालकी बघून राह्यलो. ज्याची वस्तू त्याच्या हाती. दुसरं काही मला येत न्हाई." दुःखालासुद्धा सातबारा असतो, असं ते खरंच मानत. ते कुणाच्या नावावर आहे, कुणाचा नुसता कब्जा आहे आणि कोण फक्त बांधावरून बघतोय, हे आधी ठरलं पाहिजे. काकू आतून म्हणायच्या, "पोरीचं डोकं खाऊ नका, लिहू द्या तिला कायतरी." काका म्हणायचे, "कायतरी लिहायला पोस्ट हापिसात बसलेत की लोकं."

त्यांची ती तीन हाकांची सवय कुठून आली, हे त्यातल्याच एका संध्याकाळी कळलं. नोकरीच्या सुरुवातीला ते वाटूरकडच्या एका खेड्यात समन्स घेऊन गेले होते.

"जवान होतो. जल्दी होती, शेवटची बस निघून चालली होती. एक हाक मारली, आवाज न्हाई. कवाड लोटलं आन सरळ आत गेल्तो. आत बाई होती. एकटीच. तिनं माझ्याकडं जे बघितलं ना."

"काय करत होती ती?" मी विचारलं.

"ते तिचं हाय," काका म्हणाले. "कागद तिथंच ठेवला आन बाहेर आलो. अंगठा बी घेतला न्हाई. साहेब लई बोलले."

काकू ताट पुसत दारात आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मला बी न्हाई सांगितलं आजवर. मी सोडलं इचारायचं."

पान पाठवायची मुदत जवळ आली. माझ्याकडे एक अडचण होती, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि मी तिच्याभोवती फिरत होते. आता ती काढायचीच, असं मी ठरवलं. ती काय होती ते इथं सांगते, आज सांगायची मला मोकळीक आहे. माझ्या आईचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशय खाली सरकायचं. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर नीट उठताही येत नव्हतं तेव्हा ती रानात कामाला गेली, तेव्हापासून. जुन्या लुगड्याची घडी ती आतून आवळून बांधायची. त्या घड्या ती सगळ्यांच्या आधी उठून धुवायची आणि गोठ्यामागं, जिथं कुणी जात नाही तिथं वाळत घालायची. निंदताना मधेच खाली बसायची, तर बाकीच्या बाया म्हणायच्या, हिला कामाचा कंटाळा. मी लहानपणी एकदा गोठ्यामागं गेले होते आणि मला समजलं होतं. घरात कुणीच त्याबद्दल कधी बोललं नाही. डॉक्टर व्हायचं माझ्या मनात आलं ते तिथं. मेडिकल कॉलेजला द्यायला यापेक्षा जोरदार अडचण कुणाकडे असेल, असं मला वाटत होतं.

मी ओट्यावर सुरुवात केली. "आज माझ्याकडे खरी आहे. माझ्या आईला एक दुखणं आहे, ते..."

काकांनी हात वर केला. "थांब."

"ऐकून तर घ्या."

"न्हाई. मालक गैरहाजिर हाय. मालकाच्या पाठीमागं मी ऐकनार न्हाई."

"माझी आई आहे ती!"

"म्हनूनच." ते खुर्चीवरून उठलेसुद्धा. "तिला इचारलंस?"

मी जे बोलायचं ते सगळं बोलले. तुम्हाला काय जातंय, माझं आयुष्य आहे, तुमचं कोर्ट संपलं आता, असंही म्हणाले. काका उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी येडा असंन. पर जा, मायला इचार. ती हो म्हनली तर ह्या ओट्यावर बसून मी शुद्धलेखन तपासून देतो." मी दार आपटून आत गेले. आपटलं ते माझ्या खोलीचं दार, म्हणून ते काही बोलले नसावेत.

सकाळी मी घनसावंगीची जीप धरली. घनसावंगीपासून पुढं चालत. वाटेत मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याची मलाच लाज वाटत होती. आई कापसात निंदत होती. मी तिच्या शेजारच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, खुरपं घेऊन बसले, कारण समोर बसून मला बोलताच आलं नसतं. खाली मान घालून मी सगळं सांगितलं. फॉर्म, पान, आणि काय लिहायचं मनात आहे ते.

आईचं खुरपं थांबलं. तिनं एक तण उपटून हातात धरलं. मग म्हणाली, "तुला कवापासून ठावं?"

"लहानपणापासून."

"आन बोलली न्हाईस."

"तू पण नाही बोललीस."

तिनं हातातलं तण बांधावर फेकलं. "नको लिहू, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते लोक वाचतील. मंग मी तुला भेटाया तिथं आले, तर मला बघतील. त्यांच्या नजरंत तेवढंच दिसंल." मी मान हलवली. मला रडू येत होतं, पानाचं आता कसं होणार म्हणून येत होतं की आणखी कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. आम्ही दोघींनी तास संपवला. परत जायला उठले तेव्हा आईनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघत विचारलं, "त्याच्यावर दवा असती का गं?"

मी म्हणाले, असते. माझ्या आयुष्यात मी आईशी त्याआधी इतकं महत्त्वाचं काही बोलले नव्हते.

अंबडला आले तेव्हा काका ओट्यावरच होते. मी नुसतं म्हणाले, "नाही म्हणाली." ते म्हणाले, "बरं." त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी खोलीत जाऊन कागद घेतला आणि एका बैठकीत पान लिहिलं. बाहेर येऊन वाचून दाखवलं. माझ्या घरात एका माणसाला एक दुखणं आहे. ते मला लहानपणापासून माहीत आहे. ते कोणतं, हे मी लिहिणार नाही, कारण ते माझं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मला तोंड उघडून विचारता आलं नाही, ही माझी अडचण. आज रानात बसून मी पहिल्यांदा विचारलं. तोंड कसं दिलं, तर एवढंच.

काका डोळे मिटून ऐकत होते. पान संपल्यावर म्हणाले, "हे तुझ्या नावावर हाय. बराबर. पाठव." मग पान हातात घेऊन त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्याच.

पुढचं काकूंनी केलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी आई अंबडला आली, दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसल्या, आणि मग काकू तिला जालन्याला एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. वडिलांना आईनं स्वतः सांगितलं. कोणत्या शब्दांत, ते मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं. ऑपरेशनच्या दिवशी काका सोबत आले होते. बायकांनी एकटं जाऊ नये म्हणून आले आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर छत्री उघडून दिवसभर बसून राहिले. गावाहून थेट दवाखान्यात आलेले वडील त्यांना दोनदा बोलवायला गेले. काका म्हणाले, "पोरीच्या आईनं न्हाई बोलावलं. मी हितं बरा हाय." संध्याकाळी, सगळं नीट झालं एवढं मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी छत्री मिटली.

मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर तिघं होते. मधे पांढऱ्या केसांच्या एक मोठ्या डॉक्टर होत्या आणि माझं पान त्यांच्याच हातात होतं. त्यांनी विचारलं, "कोणतं दुखणं होतं?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

"अगं, आम्ही डॉक्टर आहोत."

"हो. पण तिच्या डॉक्टर नाही."

शेजारच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. बाईंनी पान खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे, जा." मला वाटलं, संपलं. अंबडला येऊन मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बराबर केलंस," पण त्यांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी ते बाहेरून आले आणि हाक न मारता थेट घरात शिरले. काकूंच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. त्या मला नंतर हळूच म्हणाल्या, "तुझ्या पायी घाबरलेत. रातच्याला म्हनले, माझ्या कायद्यानं पोरीचं नुकसान केलं का?" मी काकांना समजावायला गेले तर ते मांजरीशी बोलत बसले.

मी सामान आवरून गावी गेले. डी.एड.चा फॉर्म वडिलांनी आणून ठेवला होता. आणि एका दुपारी, मी रानात असताना, आमच्या दारात कुणीतरी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारलं. आई खाटेवरून उठून बाहेर आली. दारात काका होते. पायजमा धुळीनं भरलेला, कारण जीप फाट्यावरच सोडायची आणि पुढं चालतच यायचं. फॉर्मवर पत्ता त्यांचा होता, म्हणून पत्र त्यांच्याकडे आलं होतं. आई म्हणाली, "द्या की माझ्याजवळ." काका म्हणाले, "तुमच्याजवळ देता येत न्हाई. तिच्या नावाचं हाय. हाजिर झाल्यावर देईन." आईनं पत्रात काय आहे विचारलं, तर म्हणाले, "लिफाफा बंद हाय. मला काय ठावं?" आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

भाऊ मला बोलवायला धावत आला. मी पोचले तेव्हा काका उठून उभे राहिले, लिफाफा दिला, आणि खिशातून पेन काढून पावती म्हणून एक कोरा कागद पुढं केला. मी सही केली. मी पत्र उघडलं, वाचलं, आणि होकाराची मान हलवली. काका म्हणाले, "तामील झाली." मग त्यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, या आत." काकांनी चपला काढल्या आणि ते आमच्या घरात आले. परक्या घरात त्यांना आत आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

काका गेले तेव्हा मी इंटर्नशिप करत होते. कळायला उशीर झाला. मी अंबडला पोचले तर घर शांत, मुद्दईची कुठलीशी नात ओट्यावर पडलेली. मी उंबऱ्याबाहेर थांबले. आपोआप तोंडातून निघालं, "घरात कोण हाय का?" दुसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले. आतून काकू म्हणाल्या, "हाय. या आत." मग त्यांच्या लक्षात आलं, आणि आम्ही दोघी तिथंच, एक आत, एक बाहेर, खूप रडलो.

आज मी बायकांची डॉक्टर आहे. पडद्याआड पेशंट असली की मी बाहेर थांबून "येऊ का?" विचारते आणि उत्तर आल्याशिवाय आत जात नाही. नर्सेस हसतात. हे लिहायला घ्यायच्या आधी मी आईला विचारलं, तिचं नाव न घालता तिची गोष्ट लिहू का. तिनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "लिही. आता मला कोन बघनार हाय. आन बघितलं तर बघू दे."

मी म्हणाले, "काकांना शेवटपर्यंत कळलं नाही, तुला काय होत होतं ते."

"हां," आई म्हणाली. "आपरेशन झाल्यावर समद्या दुनियंत त्या एकाच मानसानं मला काय झाल्तं ते इचारलं न्हाई. म्हनून त्यांनला सांगायचं होतं मला. ऱ्हाऊनच गेलं बघ."